बुजऱ्या कानांसाठी शिफारसपत्र

दिवाळी अंकात सदरलेखकाला थोडी मोकळीक असते. एरवी आठवड्याच्या आठवड्याला शब्दांविषयी आणि पुस्तकांविषयी लिहिणाऱ्या माझ्यासारख्या मराठीच्या मास्तराने आज गाण्याविषयी लिहिले, तर संपादक रागावणार नाहीत आणि वाचकही सणाचे दिवस म्हणून चालवून घेतील, असा भरवसा आहे. शिवाय शिफारसपत्रे लिहिणे हा आमच्या धंद्याचाच एक भाग. विद्यार्थी अर्ज घेऊन येतात आणि आम्ही 'वर्तणूक चांगली, स्वभाव मनमिळाऊ' असे लिहून खाली सही ठोकतो. पुष्कळदा ज्याच्याविषयी लिहायचे त्याचा चेहराही नीट आठवत नसतो. आजचे शिफारसपत्र मात्र चांगल्या ओळखीतून लिहीत आहे. ते एका बँडसाठी आहे.

हा शब्द वाचून काही वाचकांनी पान उलटले असणार, हे मी जाणून आहे. आमच्या नेवाशात बँड म्हटला की डोळ्यांपुढे येते ती लग्नाची वरात: लाल डगले, सोनेरी झालरी, डोक्यावर दिव्यांची झुंबरे आणि सगळ्यांच्या पुढे गाल फुगवून क्लॅरिनेट वाजवणारा मास्तर. कॉलेजच्या पोरांच्या तोंडचा बँड निराळा. त्यात गिटारी असतात, ड्रम असतात, गाणाऱ्याचे केस वाढलेले असतात आणि तो गातो आहे की भांडतो आहे, हे चटकन कळत नाही. त्यातच गेल्या काही वर्षांत मिरवणुकीतल्या डीजेने घराघरांतल्या खिडक्यांची तावदाने हादरवली. तेव्हापासून ज्या आवाजाला वीज लागते, त्या सगळ्याच आवाजांवर वडीलधाऱ्यांनी काट मारली आहे. त्यांना दोष कोण देईल?

मराठीत यासाठी एक नेमका शब्द आहे: बुजणे. नव्या पुलावर बैल बुजतो. तो मूर्ख नसतो, आळशीही नसतो; पायाखालचा आवाज ओळखीचा नसतो, एवढेच. चाबूक ओढून तो पुढे जात नाही. जाणता गाडीवान खाली उतरतो, कासरा हाती धरतो आणि दोन पावले स्वतः पुढे चालतो. 'तुम्हाला काय कळतंय, हे नव्या जमान्याचे संगीत आहे,' असे म्हणणारी पोरे चाबूक ओढणारी असतात. मी आज कासरा धरणार आहे.

ज्या बँडची शिफारस करायची त्याचे नाव 'इंडियन ओशन', म्हणजे आपला हिंदी महासागर. दिल्लीची ही मंडळी. गिटार वाजवणारे सुस्मित सेन आणि तबला वाजवत गाणारे असीम चक्रवर्ती या दोघांनी १९९० साली हा संच उभा केला. पुढे बास गिटार घेऊन राहुल राम आले आणि मग ड्रमवर अमित किलम. १९९३ साली त्यांची पहिली ध्वनिफीत निघाली आणि २००० साली 'कांदिसा' हा गीतसंग्रह आला. त्याने त्यांचे नाव देशभर झाले. पाश्चात्त्य लोक ज्याला रॉक म्हणतात त्या जातीचे हे संगीत. पण त्या जातीतही सरळ रस्ता सोडून पायवाटेने जाणारे. गिटार विलायती, पण तिच्यावरची बोटे रागदारीच्या अंगाने फिरतात. ड्रमच्या शेजारी तबला, आणि असीम चक्रवर्ती तर रंगमंचावर चक्क मांडी घालून बसत. अमित किलम यांच्याजवळ गबगुबी नावाचे एक बंगाली लोकवाद्य असते. आपल्याकडे देवीची आराधी मंडळी काखेत धरून वाजवतात ते चौंडके आठवा. गबगुबी म्हणजे चौंडक्याची बंगाली बहीणच.

आता शंका. पहिली शंका वाद्यांविषयीची. 'गिटार न् ड्रम ही काय आपली वाद्ये?' असे एका सद्गृहस्थांनी मला विचारले, तेव्हा ते हरिपाठाला निघाले होते आणि त्यांच्या हातात पेटी होती. ही पेटी तरी कुठली? १८४२ साली पॅरिसमध्ये अलेक्झांडर दबँ नावाच्या कारागिराने हार्मोनियमचे पेटंट घेतले. मिशनऱ्यांबरोबर ती इकडे आली, आपण तिला मांडीजवळ बसवली, पायाचा भाता हाताने हलवू लागलो आणि ती आपली झाली. तेही सुखासुखी झाले नाही. मार्च १९४० पासून ऑल इंडिया रेडिओने तिला परकी आणि बेसूर ठरवून बंदी घातली होती. ती बंदी तब्बल तीन दशके टिकली. आज पेटीवाचून कीर्तन उभे राहत नाही. व्हायोलिनची कथा अशीच, वरातीतल्या क्लॅरिनेटचीही तशीच. वाद्याला गोत्र नसते. ज्याच्या हाती जाते त्याचे ते होते. गिटारीलाही तेवढी संधी द्यायला काय हरकत आहे?

दुसरी शंका गोंगाटाची. ही मात्र खरी आहे. चार-पाच वाद्ये एकदम वाजू लागली की नवख्या कानाला नुसता कल्लोळ ऐकू येतो. त्यावर मी माझ्या गावचा एक उपाय सांगतो. प्रवरेच्या काठी लाडमोड नावाची टेकडी आहे. १९५४ ते १९५६ या काळात डेक्कन कॉलेजचे डॉ. ह. धी. सांकलिया यांनी नेवाशात उत्खनन केले. वरवर पाहता ते मातीचे ढिगारे. पण थर सुटे करीत खाली जाताना मध्ययुगातील वस्ती लागली, मग सातवाहनांची, मग ताम्रपाषाणयुगाची. ढिगाऱ्याचा इतिहास झाला तो थर वेगळे केल्यामुळे. गाणेही असेच ऐकावे. पहिल्या वेळी फक्त खर्जातल्या बास गिटारीमागे जा. बाकी सगळे सोडून द्या. दुसऱ्या वेळी तबला आणि ड्रम एकमेकांशी काय बोलतात ते ऐका. तिसऱ्या वेळी गळा. चौथ्या खेपेला सगळे एकत्र ऐका. गोंगाट कुठे गेला ते तुम्हालाच सापडणार नाही. मात्र आवाज बेताचा ठेवा. हे संगीत भिंती हलवण्यासाठी केलेले नाही.

तिसरी शंका शब्दांची: 'काय गातात तेच कळत नाही.' मराठीचा मास्तर म्हणून हा आक्षेप मला सर्वांत जवळचा. ज्या गाण्यात शब्द नुसते ठेक्याला टेकू म्हणून येतात, ते गाणे मलाही नकोच असते. या मंडळींकडे मी वळलो तो शब्दांमुळेच. त्यांनी आपली गाणी कुठून गोळा केली पाहा: नर्मदेच्या काठावरून, कबीराकडून, बिहारच्या शेतमजुरांच्या चळवळीतून, केरळातल्या जुन्या चर्चमधून. वाद्ये नवी, पण तोंडी आलेले शब्द माणसांनी आधीच जगलेले. तेव्हा या घरात शिरायचे तर शब्दांच्या दाराने शिरावे, असा माझा सल्ला आहे. त्यासाठी क्रमही सांगतो.

आरंभ करावा तो 'मा रेवा' या गाण्याने. रेवा म्हणजे नर्मदा. राहुल राम हे अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठातून पर्यावरणातील विषद्रव्यांच्या अभ्यासावर पीएच.डी. घेऊन परतलेले गृहस्थ. पण प्रयोगशाळेत न रमता नव्वदच्या दशकाच्या आरंभी ते नर्मदा बचाओ आंदोलनात कार्यकर्ते म्हणून गेले आणि काही वर्षे त्या खोऱ्यात राहिले. तिथे नदीकाठचे लोक जे पारंपरिक गाणे म्हणत, तेच त्यांनी बँडमध्ये आणले. गाण्यात तक्रार नाही, घोषणा नाही. नदीच्या निर्मळ पाण्याचे कौतुक आहे, आई म्हणून तिला घातलेली हाक आहे. सरदार सरोवराच्या पाण्याखाली आपल्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसारखी गावे गेली, हे ठाऊक असताना ते कौतुक ऐकणे सोपे जात नाही.

आणि नेवासे तालुक्याला तर हे गाणे परके वाटूच नये. आमच्याकडे गोदावरीला गोदावरी कुणी म्हणत नाही, ती गंगा. टोके आणि प्रवरासंगमाला प्रवरा तिला मिळते. १९६५ साली पैठणजवळ जायकवाडी धरणाची कोनशिला लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते बसली आणि १९७६ साली इंदिरा गांधींनी त्याचे उद्घाटन केले. त्या नाथसागराच्या फुगवट्यात नेवासे आणि शेवगाव तालुक्यांतली गंगथडीची गावे बुडाली. माणसे उठून वरच्या माळांवर गेली. धरणाने खालच्या मराठवाड्यातील कितीतरी शेते भिजली, हेही तितकेच खरे. पण ज्यांचे पार, पाणवठे आणि देवळे पाण्यात गेली, त्यांचे गाणे कुणी बांधले नाही.

आमच्या आळीत असे एक आबा आहेत. धरणाच्या वेळी ते मिसरूड फुटायच्या वयाचे होते. एका संध्याकाळी ओसरीवर बसले असता मी त्यांना 'मा रेवा' मोबाइलवर ऐकवले. बँड आहे, असे मुद्दामच आधी सांगितले. त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या, पण उठून गेले नाहीत. गाणे संपल्यावर म्हणाले, "लावा परत." दुसऱ्यांदा संपल्यावर जरा वेळ काहीच बोलले नाहीत. मग म्हणाले, "गंगंला दिवे सोडायला जायच्या ना बाया, त्या असंच म्हनायच्या. पानवठा बी राह्यला नाही आन् त्या बी." मी उत्साहाच्या भरात पुढचे गाणे लावले, तर हात वर करून म्हणाले, "आता राहू द्या, सर. एक पुरे." आबा काही त्या बँडचे भक्त झाले नाहीत. परंतु त्यांच्या नातवाने हे गाणे आपल्या मोबाइलवर उतरवून घेतले आहे, आणि त्याला त्याच्या आजोबांचे गाव कुठे होते हे त्या संध्याकाळी प्रथमच नीट कळले. शिफारसपत्राचा उपयोग याहून अधिक काय व्हायचा?

दुसरे गाणे 'झीनी'. २००३ साली याच नावाचा संग्रह निघाला. कबीराने देहाला विणलेल्या तलम चादरीची उपमा दिली, ती सर्वांना ठाऊकच आहे. कबीराचे निर्गुण मराठी घरांत पोचवले ते कुमार गंधर्वांनी. त्यांच्या गाण्यावर पोसलेल्या कानाला हे गाणे पहिल्यांदा थोडे खडबडीत वाटेल. वाटू द्या. विणकराच्या मागाची खटखट ऐकली आहे का कधी? तीही खडबडीतच असते. तलमपणा कापडात उतरतो.

तिसरे 'बंदे'. १२ मार्च १९९३ रोजी मुंबईत लागोपाठ बॉम्बस्फोट झाले आणि २५७ माणसे मेली. त्यावर अनुराग कश्यप यांनी 'ब्लॅक फ्रायडे' हा चित्रपट काढला. खटला चालू असल्यामुळे न्यायालयाने तो रोखला आणि २००७ साली तो पडद्यावर आला. गीत पीयूष मिश्रा यांचे. एवढ्या भीषण प्रसंगावरचे गाणे म्हटले की सूडाची भाषा येणार, असे आपण धरून चालतो. हे गाणे माणसाला हाक मारून थांबवते आणि आतल्या अंधाराविषयी विचारते. वर्गात मी करुणरस शिकवतो, तेव्हा अश्रू आणि करुणा यांत फरक आहे हे सांगताना दमछाक होते. हे गाणे तो फरक पाच-सात मिनिटांत दाखवते.

चौथ्या जागी दोन गाणी जोडीने ऐकावीत. 'हिल्ले ले' हे गोरख पांडे या कवीचे भोजपुरी गीत, कष्टकऱ्यांच्या जागेपणाचे. त्याचा ठेका असा की पाय आपोआप हलू लागतात. आणि 'देस मेरा' हे २०१० सालच्या 'पीपली लाइव्ह' या चित्रपटातले. शेतकऱ्याच्या आत्महत्येवर त्या चित्रपटाने जे कडू हसू हसवले, ते कपाशीचे आणि उसाचे हिशोब रात्री जागून करणाऱ्या आमच्या तालुक्याला नीट समजते.

'कांदिसा' मुद्दाम शेवटी ठेवले आहे. ही केरळमधील सीरियन ख्रिस्ती लोकांची पुरातन प्रार्थना. भाषा सिरियाक, म्हणजे येशू ख्रिस्त जी बोलत असे त्या अरमाइक भाषेची शाखा. अर्थ एवढाच की, देवा, तू पवित्र आहेस. 'आम्हाला ही भाषा कुठे येते?' असे कुणी म्हणेल. पण परवाच्या गणपतीत आरतीनंतर मंत्रपुष्पांजली म्हणताना आपल्यापैकी कितीजणांना तिचा शब्दन् शब्द कळत होता? तरीही आवाज चढत जातो, अंगावर काटा येतो आणि हातातले फूल घट्ट धरले जाते. शब्दांच्या दाराने घरात शिरा असे मी वर म्हटले. एकदा आत आल्यावर शब्दांशिवायही बसता येते, हे 'कांदिसा'ने दाखवले. म्हणून ते शेवटी. ज्यांनी हेच आधी लावले आणि घाबरून बंद केले, अशी काही मंडळी माझ्या ओळखीची आहेत.

शिफारसपत्रात उणिवा लिहायची पद्धत नाही, पण वाचकांशी तसला व्यवहार नको. या मंडळींची गाणी लांबतात. कित्येकदा गाणारा तोंड उघडेपर्यंत चहा निवून जातो. दोन-चार ओळीच फिरून फिरून येतात. भजनाची सवय असलेल्याला त्याचे काही वाटत नाही, पण भावगीताच्या तीन कडव्यांवर वाढलेल्याला कंटाळा येऊ शकतो. गळे तालमीतले आहेत, पण घराण्यातले नाहीत. सुराला गुळगुळीत करण्याची त्यांना हौस नाही. आणखी एक गोष्ट. २५ डिसेंबर २००९ रोजी असीम चक्रवर्ती हृदयविकाराने गेले. २०१३ मध्ये सुस्मित सेनही बाजूला झाले. नवे गडी आले, गाणी होत राहिली. २०१५ सालच्या 'मसान' चित्रपटातील त्यांची गाणी तर फार सुंदर आहेत. पण पहिल्या चौघांचा तो मेळ निराळा होता. नवख्या श्रोत्याने आधी त्या काळातली गाणी ऐकावीत आणि मग पुढे यावे.

एवढे झाले की पुढची वाट तुमची तुम्हाला दिसेल. मुंबईच्या 'अभंग रिपोस्ट' नावाच्या तरुण संचाने आपल्या संतांचे अभंगच गिटारी आणि ड्रमवर गायला घेतले आहेत. आमच्या गावात हे ऐकून काहींच्या कपाळाला आठ्या पडतात. त्या पडाव्यात, हेही ठीकच. अभंगावर इतकी माया असल्याचे ते लक्षण आहे. माझी कसोटी एकच: वाद्यांच्या गर्दीत अभंगाचा शब्द स्वच्छ ऐकू येतो का? येत असेल तर मी वाद्यांची जात विचारीत नाही. सातशे वर्षांपूर्वी, शके १२१२ मध्ये, गीतेचा अर्थ लोकांच्या बोलीत सांगितला गेला तो आमच्याच गावी. ज्या खांबाला टेकून तो सांगितला असे मानतात, त्याला आम्ही 'पैस' म्हणतो. पैस म्हणजे ऐसपैस जागा, विस्तार. त्या खांबाच्या गावात राहणाऱ्यांनी कानाशी तरी थोडी जागा ठेवावी, एवढेच माझे म्हणणे.

हा आग्रह मी का धरतो, तेही सांगून टाकतो. आता घरोघरी दोन श्रवणे झाली आहेत. वडील टीव्हीवरच्या कीर्तनापुढे बसतात आणि मुलगा कानात बोंडे घालून माडीवर. त्याच्या कानात काय चालले आहे हे बापाला ठाऊक नाही, आणि बापाला काय आवडते हे मुलाने विचारलेले नाही. एकाच ताटात जेवणारी माणसे एक गाणे मिळून ऐकत नाहीत. पूर्वी घरात रेडिओ एक असे, त्यामुळे भांडणे होत. पण ऐकणे एकत्र होई. 'इंडियन ओशन'च्या गाण्यांत नदी आहे, कबीर आहे, शेतकरी आहे आणि गिटारही आहे. ज्यावर बाप आणि मुलगा दोघेही थोडेथोडे सरकून बसू शकतील, अशी ही सतरंजी आहे.

तेव्हा या दिवाळीत एवढे करा. पुण्याहून किंवा संभाजीनगरहून सुट्टीला आलेल्या मुलाला, मुलीला, भाच्याला म्हणा, 'मा रेवा' लाव. गाणे यूट्यूबवर मिळेल, ते त्यांना सापडेलही. आणि तुम्ही ते मागितलेत याचे आश्चर्य वाटून ती पोरे क्षणभर तुमच्याकडे बघत राहतील, ती मौज वेगळीच. फराळाची ताटली मध्ये ठेवा, आवाज बेताचा ठेवा आणि पहिल्या खेपेला फक्त खर्जाच्या मागे जा. आवडले तर दुसरे गाणे लावा. नाही आवडले, तर आमच्या आबांसारखे सरळ हात वर करून 'एक पुरे' म्हणा आणि मला तसे पत्राने कळवा. चकलीचा तुकडा मोडता मोडता एक गाणे मिळून ऐकले गेले, तरी माझ्या सहीचे चीज झाले असे मी समजेन.